मानाचा जबडा

रूपचंदच्या घरी पाहुणा आला, हातपाय धुऊन ओसरीवर टेकला, की त्याला आधी म्हातारीचा जबडा ऐकवला जाई.

म्हातारी म्हणजे रूपचंदची आई, भुरीबाई. पंचाहत्तरीला आलेली, तोंडात दात नावापुरते उरलेले. ती जेवायला बसली की तिच्या कानापुढून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज येई. खरखर, मग कट्ट, मग पुन्हा खरखर. रूपचंद हात वर करून पाहुण्याला गप्प करी आणि डोळे मिटून म्हणे, "आयका. मन्ही मायना हाल आयका." पाहुणा चुकचुके. मग म्हातारीच्या ताटातली तुपाळ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकर, सणासुदीची खीर हे सगळं पाहुण्याला दाखवून होई. आईची सेवा करावी तर रूपचंदने, असं तापीकाठच्या त्या गुजरांच्या गावात बोललं जाई, आणि हे बोलणं रूपचंदला स्वतःच्या उसाच्या रसाहून गोड लागे. आता सेवा म्हणजे काय, तर खिचडी बायकोने शिजवायची, ताट सुनेने नेऊन ठेवायचं आणि डोळे तेवढे रूपचंदने मिटायचे.

ती सून म्हणजे जसोदा. वय वीसच्या आसपास. रूपचंदच्या एकुलत्या एका मुलाची, उखाची बायको. या घरात येऊन तिला चार-पाच वर्षं झाली होती, पण सासऱ्याने तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या काळची रीतच तशी. सासरा दिसला की सुनेने पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही. त्यानेही तिच्याशी सरळ बोलायचं नाही. काय सांगायचं ते बायकोला, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीला सांगायचं, सुनेने ते आपलं म्हणून ऐकायचं.

त्या पदराआड जसोदाचा जबडा दुखत होता.

सुरुवात उजव्या कानापुढे बारीक टोचण्याने झाली होती. भाकरीचा तुकडा चावताना आत काहीतरी घसरल्यासारखं वाटे, बारीकसा टक् आवाज होई, दुसऱ्या कोणाला ऐकूही येणार नाही इतका. कळ मात्र कानातून डोक्यात चढे. पुढे सकाळी उठल्यावर तोंड उघडेचना. दोन बोटं जातील इतकी फट पडायला चुलीपुढे बसून गाल शेकावा लागे. घरात बायका शेवटी जेवत. तोवर भाकरी गार होऊन चामड्यासारखी झालेली असे. जसोदा तुकडा पाण्यात बुडवून गिळायचा प्रयत्न करी, अर्धी भाकरी उरे. ती म्हशीच्या टोपल्यात टाकून देई.

एकदा रूपचंदने ती अर्धी भाकरी टोपल्यात पाहिली.

"शांती!" त्याने बायकोला हाक मारली. सून तीन हातांवर भांडी घासत होती, तिला ऐकू जाईल अशा बेताने तो बोलला, "ह्या घरमा भाकर काय ढोरेस्ले घालाले पिकस? तुन्ही सूनले इचार."

शांतीबाई विचारून आली. "जबडा दुखस म्हने तिन्हा."

रूपचंद हसला. इतका हसला की बाहेर गाडीचं चाक वंगणत बसलेला उखाही न समजता हसला.

"वीस वरीसनी पोर, आनि जबडा दुखस म्हने! मन्ही मायना दुखस, ते समजनं. तिन्हं वय व्हयनं. हाई काय म्हातारी शे का?"

शांतीबाईनेही री ओढली. "नखरा शे. माहेरना लाड, दुसरं काय? आम्ही दगड चावी खाधात, कोनले सांगाले गयनूत का?"

शांतीबाईचं वय पंचेचाळीसच्या पुढे. ती स्वतः जांभई देताना हनुवटीला खालून हात लावून देत असे, चावताना सगळा घास डाव्या बाजूला सारत असे, आणि हे कोणी पाहत नाही असं तिला वाटत असे. घरात सून आलेली असताना जबडा दुखतो असं कबूल करायचं म्हणजे म्हातारीच्या पंगतीला जाऊन बसायचं. ते तिला नको होतं. म्हणून सुनेवर हसण्यात ती नवऱ्याहून पुढे असे.

जसोदाने उखाला सांगून पाहिलं. उखा वाईट माणूस नव्हता. वाईट असायलाही स्वतःचं काहीतरी लागतं, ते उखाकडे नव्हतं. बायकोने त्याचा हात धरून कानापुढे ठेवला, तोंड उघडमिट करून दाखवलं. बोटाखाली काहीतरी सरकलं तसा तो दचकला.

"बाले इचारीसन सांगस," तो म्हणाला.

बा म्हणाला, दात किडला असेल. वीस वर्षांच्या माणसाच्या तोंडात दुखणारी गोष्ट एकच, दात. कापूस घेऊन नंदुरबारला जिनवर जायचंच आहे, बाजारात दात उपटणारा बसतो, त्याच्याकडून उपटून आणू. एका फेरीत दोन कामं होतील. आपल्या अकलेवर रूपचंद इतका खूश झाला की तीच गोष्ट त्याने शेजाऱ्यालाही सांगून ठेवली.

पहाटे निघालेली गाडी बाजार भरात आला तेव्हा नंदुरबारला पोचली. कापसाच्या गाठोड्यांवर जसोदा पदर ओढून बसलेली. सरकारी दवाखाना वाटेतच लागला. ओट्यावर माणसं बसली होती, आतून औषधाचा उग्र वास येत होता. उखा म्हणाला, "अठे दखाडूत का?" रूपचंदने बैल पुढे हाकले. दातासाठी कोणी डॉक्टरकडे जातं का?

दात उपटणाऱ्याने मिरचीवाल्यांच्या पलीकडे फडकं अंथरलं होतं. फडक्यावर उपटलेल्या दातांची रास, जणू चिंचोके विकायला ठेवलेत. हा कुठल्या गावचा, कोणाचा, कोणालाच माहीत नव्हतं. डोक्याला भगवा फेटा, हातात चिमटा, एवढ्यावर त्याची वट होती. त्याने जसोदाला उकिडवं बसवलं आणि पदर वर करायला सांगितलं.

इथे रूपचंदने रीत पाळली. सुनेचं तोंड दिसू नये म्हणून तो पाठ फिरवून उभा राहिला. त्याने पाठ फिरवली, आणि सगळा बाजार वळून बघू लागला. मिरच्या घ्यायला आलेल्या बाया, तेलाचे डबे घेतलेले हमाल, खाकरत उभे राहिलेले म्हातारे, सगळ्यांनी रूपचंदच्या सुनेच्या तोंडात डोकावून पाहिलं.

"कोठे दुखस?" दातवाल्याने विचारलं.

जसोदाने कानापुढे बोट ठेवलं.

"म्हंजे मांगली दाढ," तो म्हणाला आणि कामाला लागला.

दाढ पक्की होती. निरोगी दाढ पक्कीच असते. ती हलवायला, फिरवायला, ओढायला त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ जसोदाचं तोंड त्याने एका हाताने ताणून धरलं होतं. दाढ निघाली. "थांबनं का दुखनं?" त्याने विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. "मंग हाई बी सडेल व्हई," म्हणून त्याने शेजारच्या दाढेला हात घातला. रूपचंदने पाठीमागे न बघताच सांगितलं, "काढ, काढ. एकदम साफ करी टाक."

दुसरी दाढ निघाली तेव्हा कट् असा आवाज झाला. तो दाढेचा नव्हता. दातवाल्याने हात काढून घेतला, पण जसोदाचं तोंड मिटलं नाही. हनुवटी पुढे आली होती, तोंड सताड उघडं, त्यातून रक्त आणि लाळ गळत होती. ती दोन्ही हातांनी हनुवटी वर लोटू लागली. हनुवटी जागची हलेना. घशातून नुसता आ, आ असा आवाज येत होता.

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, अंगात आलं हिच्या. गर्दीचं लक्ष तिच्याकडे लागलं तोवर दातवाल्याने फडक्याची चार टोकं उचलून दातांचं गाठोडं बांधलं, आणि मिरच्यांच्या पोत्यांआडून जो गेला तो कोणाला पुन्हा दिसला नाही. दोन दाढा तेवढ्या उखाच्या तळहातावर ठेवून गेला.

आता रूपचंद वळला. सुनेकडे बघायचं नाही म्हणून तो तिच्या पायांकडे बघत उखाला म्हणाला, "तिन्हा पदर ओढ पहिले! लोके काय म्हनतीन? गाडीमा टाक, घर लई चाल. घर जाईसन पाहूत."

"बा, पन तोंड..."

"घर जाईसन, सांगं ना तुले!"

उखा पदर ओढायला वाकला. जसोदाने त्याचा हात झटकून टाकला. ती उठली. पदर मागे गेला होता तो तिने पुढे घेतला नाही. सताड तोंडाने, हनुवटीवरून ओघळ वाहत असताना, ती आली होती त्या वाटेने दवाखान्याकडे चालू लागली. गर्दी आपोआप बाजूला झाली. मागून रूपचंद ओरडत होता, पण कोणावर? सुनेशी बोलायची रीत नव्हती, आणि म्हैस घरी होती.

वळणावर निजाम टांगेवाला घोड्याला पाणी पाजत उभा होता. त्याने या बाईकडे पाहिलं, बादली खाली ठेवली आणि काही न विचारता म्हणाला, "बैठो बेटी." मागून धापा टाकत आलेला रूपचंदही टांग्यात पाय ठेवू लागला, तेव्हा निजामने विचारलं, "बहूच्या शेजारी बसणार पाटील?" रूपचंदला रीत आठवली. तो खाली राहिला. सगळ्या नंदुरबारने पाहिलं की एक मुंडासंवाला पाटील हातात जोडे घेऊन टांग्यामागे पळतोय.

दवाखान्यातला डॉक्टर नाशिककडचा, तापट माणूस होता. त्याने जसोदाला बाकावर बसवलं, आपल्या अंगठ्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या, अंगठे तिच्या तोंडात खालच्या दातांवर मागपर्यंत नेले आणि आधी खाली दाबून मग मागे रेटलं. जसोदाने बाकाची कड गच्च धरली. हनुवटी जागेवर बसली. तोंड मिटलं. ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

डॉक्टरने मागून गाडी घेऊन आलेल्या उखाच्या हातातल्या दाढा घेऊन उजेडात धरल्या.

"कुणी उपटल्या या?"

"बाजारमा," उखा म्हणाला.

"यांत कीड कुठंय? दाखवा मला. या दाढा अजून चाळीस वर्षं गेल्या असत्या."

डॉक्टरने जसोदाच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली, हळूच तोंड उघडमिट करायला लावलं, किती दिवसांचं दुखणं आहे ते विचारलं. मग तो रूपचंदकडे वळला. "दुखणं दातांचं नाही. कवटीला जबडा जिथं अडकवलेला असतो तो सांधा झिजलाय. गुडघा झिजतो ना, तसा."

रूपचंदला हे मान्य होईना. "साहेब, ती बीमारी म्हातारा लोकेस्नी शे. मन्ही मायले शे. खरखर असा आवाज येस. हिन्हा ते आवाज बी येत नही."

"तुमच्या आईला दुखतं का?"

"येवढा आवाज येस, मंग दुखत नही व्हई का?"

"विचारलंय कधी?"

रूपचंदने उखाकडे पाहिलं, उखाने जमिनीकडे.

"हा सांधा तरण्यांचाही बिघडतो," डॉक्टर म्हणाला. "मी पाहिलेत. उलट तरुणपणी आवाज कमी आणि कळ जास्त. पुढं वयाबरोबर खरखर वाढते, पण पुष्कळांची कळ कमी होत जाते. आवाजावरून दुखणं मोजायचं असतं तर मी इथं गाडीची चाकं तपासत बसलो असतो."

मग त्याने जसोदाला सांगितलं. काही दिवस डोक्याला आणि हनुवटीला पट्टी बांधून ठेवायची. मऊ खायचं. ऊस दातांनी सोलायचा नाही, जांभई हनुवटीला हात लावून द्यायची, गरम शेक घ्यायचा. हळूहळू उतार पडेल.

"आनि बाटली?" रूपचंदने विचारलं.

"याला बाटली नाही."

परतीच्या वाटेवर रूपचंद गावापर्यंत एकच गोष्ट बोलत राहिला. एवढा शिकलेला डॉक्टर, सरकारचा पगार खातो, आणि साधी बाटली देता येत नाही. लाल नाहीतर नाही, पिवळी तरी द्यायची. गाडीवर मागे जसोदा पट्टी बांधून बसली होती. तिच्या तोंडावर पदर नव्हता. उखाने एकदा हळूच खूण केली, तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या बाजाराने आतपर्यंत पाहिलेलं तोंड एकट्या सासऱ्यापासून झाकायचं म्हणजे काय, हे तिला आता कोणी समजावून सांगू शकलं नसतं. त्या दिवसापासून रूपचंदलाच घरात शिरताना खाकरून भिंतीकडे तोंड करावं लागलं.

घरी आल्यावर मऊ खाण्याचा प्रश्न आला. शांतीबाई म्हणाली, "एक म्हातारी शे तेवढी पुरे. दुसरीना करता खिचडी शिजाडाले मी रिकामी नही." रूपचंदने घरातला शेवटचा शब्द सांगितला की या घरात खिचडी फक्त त्याची माय खाते. जसोदा पट्टीमुळे बोलू शकत नव्हती, ती ताकात भाकरीचा चुरा भिजवून गिळत राहिली. पट्टीमुळे सुनेचा आवाज बंद झाला हा डॉक्टरचा एकच गुण शांतीबाईला पटला.

भुरीबाई हे सगळं खाटेवरून बघत होती. तिला कानाने बरं ऐकू येई, फक्त ती ते कोणाला कळू देत नसे. जसोदा ताट ठेवायला गेली की म्हातारी तिची पट्टी, तिचे गाल बघत बसे.

आठवडाभराने रनाळ्याचे व्याही आले. रूपचंदच्या चुलत पुतणीचे सासरे, मोठे आसामी. हातपाय धुऊन ओसरीवर बसले. आतून म्हातारीची खरखर सुरू झाली. रूपचंदने हात वर केला, डोळे मिटले.

"आयका. मन्ही मायना हाल आयका."

व्याही चुकचुकले. "बाप रे. कितलं दुखत व्हई बिचारीले."

"माले काहीच दुखत नही," आतून भुरीबाई म्हणाली.

रूपचंदने डोळे उघडले.

म्हातारी ताट हातात घेऊन उंबऱ्याशी आली होती. "काहीच दुखत नही. फक्त वाजस. किती वरीस व्हयनात, दुखनं थांबी गयं."

"माय, तू आत बठ..."

"तू बठ," म्हातारी म्हणाली. "जवय दुखे तवय मी हिन्हाइतकी व्हतू." तिने ताटाने, चुलीपाशी शांतीबाईजवळ ताकात भाकर भिजवत बसलेल्या जसोदाकडे दाखवलं. "रातदिन कळ लागे. तुन्हा बापले सांगं, तर त्यानी ह्याच गालवर चापट दिधी. म्हने, नखरा करस. मी गोठामा बशी भाकर पानीमा भिजाडीसन खाऊ. तवय कोनी इचारं नही. कोनी आयकाले पाव्हना बोलाडा नहीत. आते दुखत नही, तर तू खीर दिधी. मी खाधी. गोड लागस, मी कसाले नको म्हनू?"

व्याही मिशीवरून हात फिरवत दुसरीकडे बघू लागले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"इतला वरीस तू पाव्हनास्ले मन्हं हाड आयकाडं," म्हातारी पुढे म्हणाली. "एकदाव बी माले इचारं नही, माय, दुखस का? आनि शांती, तू कसाले तोंड फिराडी ऱ्हायनी? तुन्हा बी जबडा कट्ट वाजस. मन्हा कान शाबूत शेतस."

"मन्हा? मन्हा काही वाजत नही!" शांतीबाई इतक्या जोरात म्हणाली की जबडा वाजला. ओसरीवर सगळ्यांनी ऐकला.

भुरीबाईने आपलं ताट जसोदापुढे ठेवलं, तिची ताकात भिजवलेली भाकर उचलली आणि खाटेवर जाऊन खरखर खाऊ लागली.

व्याह्यांनी रनाळ्याला जाऊन ही गोष्ट सांगितली. तिथून ती गावोगाव गेली. पुढे रूपचंदकडे पाहुणे येत ते मुद्दाम विचारत, "माय कशी शे? वाजस ना?" रूपचंद विषय बदलून कापसावर जाई. पण असा माणूस लाजला तरी फार दिवस लाजत नाही. वर्ष-दीड वर्षात जसोदाची कळ बरीच कमी झाली. तशी रूपचंदने चावडीवर बसून सांगायला सुरुवात केली की सुनेचा आजार पहिल्यांदा त्यानेच ओळखला. नंदुरबारला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवली, म्हणून वाचली, नाहीतर बाजारच्या दातवाल्याने पोर मारलीच होती. दोन दाढांची गोष्ट तो गाळून टाकी. उखा शेजारी बसून मान डोलावी.

जसोदा आता स्वतःसाठी वेगळी खिचडी टाकत असे, कोणाची परवानगी न घेता. उजव्या बाजूने तिला चावता येत नव्हतं, तिथे दाढा नव्हत्या. म्हातारीचं ताट ती आधी वाढी, मग आपलं.

त्यानंतरच्या पौषात गार वारं सुटलं आणि शांतीबाई दोन दिवस जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे बसून, कोणी नाही असं पाहून, तापलेला हात गालावर दाबत होती. जसोदा सरपण घेऊन आत आली. तिने एकदा सासूकडे पाहिलं. सरपण खाली ठेवलं, तव्यावर मूठभर जाडं मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी सासूपुढे धरली.

"माले काही व्हयेल नही," शांतीबाई दात न उघडता म्हणाली.

"नखरा करू नका," जसोदा म्हणाली. पुरचुंडी सासूच्या मांडीत टाकून ती म्हशीचं दूध काढायला निघून गेली.